लठ्ठपणावरचे एंडोस्कोपी उपचार आणि बेरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत : प्रशिक्षणाला येणाऱ्या डॉक्टरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गात, केस संपल्यावर हातमोजे काढताना किंवा रात्री उशिरा फोनवर शिकाऊ डॉक्टर जे विचारतात, तेच इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका ओळीत संपली आहेत. प्रश्नच तसे आहेत.

या प्रशिक्षणात नेमकं काय शिकायचं असतं?

इथे दोन वेगळे विषय एकाच छपराखाली आले आहेत. पहिला म्हणजे पोटावर छेद न घेता, तोंडातून दुर्बीण घालून वजन उतरवण्याचे उपचार. जठरात बलून ठेवणं आणि आतून टाके घालून जठर अरुंद करणं, म्हणजे ईएसजी, हे त्यातले मुख्य. दुसरा विषय म्हणजे आधीच बेरिएट्रिक, म्हणजे वजन उतरवणारी, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या तक्रारी दुर्बिणीतून निस्तरणं. ही शस्त्रक्रिया बहुधा स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची अरुंद नळी करणं) किंवा बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं) असते. लीक (शिवलेल्या जागेतून गळती), अरुंद झालेला मार्ग, जोडावरचा अल्सर, पुन्हा वाढलेलं वजन, जठराच्या आत घुसलेला बँड (जठराभोवती बसवलेला पट्टा) हे सगळं त्यात येतं.

बहुतेक जण पहिल्यासाठी येतात. आमचा आग्रह असतो की दुसरा आधी शिका. ज्यानं लीकचा एक रुग्ण सहा-आठ आठवडे सांभाळला आहे, तो जठराच्या भिंतीतून आरपार सुई घालताना वेगळ्याच नजरेनं बघतो.

कोणाला प्रवेश घेता येतो?

ज्याचा रोजच्या एंडोस्कोपीवर हात बसलेला आहे त्याला. रक्तस्राव थांबवणं, क्लिप लावणं, बलूननं अरुंद भाग रुंद करणं, अडकलेली वस्तू काढणं या गोष्टी सल्ला न घेता करता यायला हव्यात. त्या येत नसतील तर आधी त्या शिका. टाक्यांचं उपकरण कुठे पळून जात नाही.

मी सर्जन आहे, गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट नाही. चालेल?

चालेल. उलटही चालेल. गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्टच्या (पोटविकारतज्ज्ञाच्या) हातात स्कोप, म्हणजे दुर्बीण, मुरलेला असतो, पण जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरची रेघ कुठून निघून कुठे संपते हे त्यानं टेबलाशेजारी उभं राहून पाहिलेलं नसतं. सर्जनला ती रेघ झोपेतही दिसते, पण स्कोप वळवताना त्याचा डावा अंगठा अडखळतो. म्हणून गॅस्ट्रोवाल्यांनी काही दिवस थिएटरमध्ये आणि सर्जननी काही दिवस एंडोस्कोपीच्या खोलीत काढावेत. हा भाग ऐच्छिक ठेवला की कोणीच करत नाही, असा अनुभव आहे.

दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर ईएसजी सुरू करता येईल का?

नाही. दोन दिवसांत उपकरण कळतं, उपचार कळत नाही.

आकडे मागणाऱ्यांसाठी दोन अभ्यास सांगतो. एकाच डॉक्टरनं ओळीनं केलेल्या १२८ ईएसजींचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात लागणारा वेळ आटोक्यात यायला ३८ केसेस लागल्या आणि हात पूर्ण बसायला ११३. दुसऱ्या एका छोट्या मालिकेत साधारण ७ केसेसनंतरच वेळ स्थिरावला होता. शिकाऊ मंडळींना अर्थातच दुसरा आकडा आवडतो. पण दोन्हींत प्रामुख्यानं घड्याळ मोजलं आहे. लवकर संपलेली केस चांगलीच झाली असेल असं नाही. त्यातही असे अभ्यास लिहिणारे बहुधा आधीपासून दुर्बिणीतून टाके घालणारे असतात. तुमची सुरुवात त्यांच्या मागून आहे हे धरून चला.

शिकण्याचा क्रम कसा असतो?

आधी वाचन आणि व्हिडिओ, मग बाहेर काढलेल्या डुकराच्या जठरावर सराव, मग भूल दिलेल्या जिवंत प्राण्यावर, मग दुसऱ्याची केस बघणं, मग असिस्ट करणं आणि शेवटी प्रॉक्टर (देखरेख करणारा अनुभवी डॉक्टर) शेजारी उभा असताना स्वतः. मधली पायरी गाळायची नाही. विशेषतः असिस्ट करण्याची. दोरा दुसऱ्याच्या हातात असताना तो कधी सैल सोडायचा आणि कधी धरायचा, हे तिथेच कळतं.

डुकराचं जठर माणसासारखं असतं का?

टाके घालायला पुरेसं, शरीररचना शिकायला नाही. त्याला वरच्या टोकाशी एक छोटी पिशवी असते आणि पायलोरसपाशी (जठराच्या खालच्या तोंडाशी) एक जाडसर उंचवटा असतो. माणसात हे दोन्ही नसतं. शिवाय बाहेर काढलेलं जठर श्वास घेत नाही, रक्त सांडत नाही आणि त्याच्या मागे पित्ताशय किंवा प्लीहा नसते. तिथे सुई खोल गेली तरी काही बिघडत नाही. हीच त्या सरावाची सोय आणि हाच त्याचा धोका.

टाके घालताना लोक नेमके कुठे चुकतात?

आधी कृती डोळ्यांसमोर आणू. स्कोपच्या टोकाला एक वाकडा हात बसवलेला असतो, त्यात सुई. मळसूत्रासारखी एक तार जठराच्या भिंतीत फिरवून भिंत स्वतःकडे ओढायची. हात मिटायचा, सुई आरपार जाते. कॅथेटरनं सुई पकडायची, हात उघडायचा, तार उलटी फिरवून सोडायची. हा एक बाइट झाला. एकाच दोऱ्यात असे बरेच बाइट पुढच्या भिंतीवर, मोठ्या वक्राशी, मागच्या भिंतीवर आणि मग उलट दिशेनं परत घेतले जातात. शेवटी सुई आतच सोडून द्यायची. ती आडवी होऊन खिळीचं काम करते. मग सिंच (दोरा आवळून धरणारी पकड) बसवून दोरा आवळायचा. सुरुवात खालच्या बाजूला, इन्सिझुराच्या (जठराच्या लहान वक्रावरच्या खाचेच्या) पातळीपासून होते आणि काम वर सरकत जातं.

पहिली चूक तारेची. ती जास्त वेळा फिरवली की भिंतीच्या पलीकडचं काहीही पकडीत येऊ शकतं. जठर पूर्ण फुगलेलं असताना भिंत पातळ ताणलेली असते, म्हणून पकडण्याआधी थोडी हवा काढून घ्यावी लागते. पित्ताशय सुईत सापडल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत.

दुसरी चूक फंडसमध्ये (जठराच्या वरच्या फुगीर भागात) चढण्याची. जागा रिकामी दिसते, मोह होतो. पण तिथली भिंत पातळ असते आणि पलीकडे प्लीहा असते. फंडस सोडून द्यायचा.

तिसरी चूक आवळण्याची. नव्या माणसाला वाटतं, जितकं घट्ट तितकं चांगलं. ओल्या साबणाच्या वडीतून दोरा ओढला की तो जसा वडी कापत जातो, तसंच भिंतीचं होतं. भिंतीच्या कडा एकमेकींना टेकल्या की थांबायचं.

चौथी चूक माझ्या हातून झालेली आहे. शिकत असताना एकदा मी तारेची नळी दोऱ्याच्या चुकीच्या बाजूनं घातली आणि पुढचे तीन बाइट झाल्यावर लक्षात आलं की दोरा स्वतःभोवतीच अडकला आहे. शेजारची नर्स आधीच म्हणाली होती, ‘सर, दोरा डावीकडे दिसतोय.’ मी ऐकलं नाही. तो टाका कापून, सुई काढून पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून प्रत्येक बाइटआधी दोरा कुठे आहे हे मोठ्यानं बोलायची सवय आमच्याकडे सगळ्यांना लावली जाते.

आणि एक नियम वादाच्या पलीकडचा आहे. फुगवायला कार्बन डायऑक्साइडच वापरायचा, साधी हवा नाही. भिंतीतून आरपार टाके पडतात तेव्हा वायू पोटाच्या पोकळीत जाऊ शकतो आणि कार्बन डायऑक्साइड शरीर लवकर शोषून घेतं.

बलून तर सोपा असतो ना?

घालायला सोपा. म्हणूनच तो हलक्यात घेतला जातो.

इतिहास बघा. अमेरिकेत १९८५ मध्ये हवेनं भरणारा एक बलून मंजूर झाला. त्याच्यामुळे अल्सर होऊ लागले, बलून फुटून आतड्यात अडकू लागले आणि काही वर्षांत तो बाजारातून गेला. १९८७ मध्ये फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जला तज्ज्ञ जमले आणि चांगला बलून कसा असावा हे त्यांनी ठरवलं. तो गुळगुळीत असावा, टिकाऊ असावा, द्रवानं भरणारा असावा आणि क्ष-किरणात दिसावा. आजचे सलाइनचे बलून त्याच विचारातून आले आहेत. नेहमीच्या बलूनमध्ये ४०० ते ७०० मिलिलिटर सलाइन भरतात आणि तो सहा महिन्यांनी काढतात. सलाइनमध्ये मिथिलीन ब्लू घालतात, म्हणजे बलून गळला तर लघवी हिरवी-निळी होते. रुग्णाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहाटे घाबरलेला फोन येतो. हे रंगद्रव्य जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना चालत नाही आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर धोक्याचं ठरतं. औषधांची यादी बघितल्याशिवाय सिरिंज भरू नका.

पहिले तीन-चार दिवस मळमळ, उलट्या, पेटके. ते सहन न होऊन बलून लवकर काढावा लागतो अशांचं प्रमाण शंभरात सात-आठ धरा. पण जास्त काळजीचं काम काढतानाचं असतं. पोटात अन्न साठलेलं असतं आणि ते फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून काढण्याआधी काही दिवस फक्त पातळ पदार्थ, आणि काढताना श्वासनलिकेत नळी घालून भूल. आधी जठराचं कोणतंही ऑपरेशन झालेलं असेल, मोठा हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणं) असेल किंवा रुग्ण गरोदर असेल तर बलूनचा विषयच नको.

ऑपरेशन झालेल्या रुग्णाची एंडोस्कोपी करताना सुरुवात कुठून करायची?

कागदापासून. ऑपरेशन नोट मागवा. ती मिळाली नाही तर रुग्णाला विचारा, सर्जनला फोन करा, सीटी बघा. मग स्कोप हातात घेण्याआधी समोरच्या कागदावर चित्र काढा : अन्ननलिका कुठे संपते, पाउच (जठराची उरलेली लहान पिशवी) केवढा, जोड कुठे, आतड्याची कुठली वाट कुठे जाते. आमच्याकडे हे चित्र काढल्याशिवाय शिकाऊ डॉक्टरला स्कोप मिळत नाही. चिडचिड होते, होऊ द्या. ‘बायपास झालाय’ एवढंच ऐकून आत गेलेला माणूस एका जोडाचा बायपास आणि रू-एन-वाय (दोन जोडांचा बायपास) यांतला फरक आत गेल्यावर शोधत बसतो.

आत गेल्यावर दातांपासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहा. ‘थोडं खाली’ हे माप नाही.

लीकचा रुग्ण कसा ओळखायचा आणि करायचं काय?

नाडीवरून. बेरिएट्रिक ऑपरेशननंतर नाडी १२० च्या वर राहत असेल तर पोट मऊ लागतंय म्हणून गप्प बसू नका. जाड पोटाच्या भिंतीआड पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह) लपून राहतो. ताप नसेल, दुखणं खांद्यात असेल, रुग्ण फक्त अस्वस्थ असेल.

स्लीव्हनंतरची लीक बहुतेक वेळा वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या जोडाजवळ असते. स्लीव्ह ही लांब, अरुंद, जास्त दाबाची नळी आहे आणि ती खाली इन्सिझुरापाशी अरुंद किंवा पिळलेली असेल तर वरचा दाब आणखी वाढतो. वरचं भोक हे अनेकदा खालच्या अडथळ्याचं लक्षण असतं. भोक बुजवत बसलात आणि खालचा अडथळा तसाच ठेवलात तर लीक पुन्हा होते. शिकाऊ डॉक्टरांना वर्षभरात हे एक वाक्य पटलं तरी मला पुरे.

आधी बाहेर साठलेला पू निघाला पाहिजे. रुग्ण अस्थिर असेल तर तो सर्जनचा रुग्ण आहे, एंडोस्कोपीचा नाही. स्थिर असेल तर पर्याय काळानुसार बदलतात. पहिल्या काही आठवड्यांत आवरणाचा स्टेंट (आवरण असलेली जाळीची नळी) चालतो. तो भोक झाकतो आणि अरुंद भागही उघडा ठेवतो, पण सरकतो, आणि जास्त दिवस ठेवला तर भिंत त्याच्या टोकांवर वाढते. पोकळी तयार झालेली असेल तर दोन्ही टोकांना वळलेले पिगटेल स्टेंट आत सोडून पू आतल्या बाजूलाच काढता येतो. किंवा व्हॅक्युम : पोकळीत स्पंज ठेवून नाकातल्या नळीतून साधारण १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका ऋण दाब द्यायचा आणि दर तीन ते पाच दिवसांनी स्पंज बदलायचा. काम करतं, पण रुग्ण आणि टीम दोघांचाही अंत बघतं. बारा आठवड्यांपलीकडे जुनाट झालेल्या लीकमध्ये स्लीव्ह आणि पोकळी यांच्यामधला पडदा कापून दोन्ही एक करतात आणि त्याच वेळी स्लीव्ह रुंद करतात.

भोक शोधायलाही सराव लागतो. एका केसमध्ये दोन वेळा आत जाऊन काहीच दिसलं नव्हतं. तिसऱ्या वेळी पाणी भरून थांबलो. स्टेपलच्या रेघेवर, एका सुरकुतीच्या आड, एकच बुडबुडा आला. अर्ध्या मिनिटानं दुसरा. तिथे कॅथेटर लावून डाय (क्ष-किरणात दिसणारा द्रव) टाकला तर पडद्यावर डायफ्रामखाली अख्खी पोकळी भरली.

मोठा क्लिप लावून सगळं मिटवायचा मोह आवरा. ताज्या, मऊ कडांवर तो बसतो. जुन्या, कडक कडांवर बसल्यासारखा दिसतो आणि सुटतो.

अरुंद झालेली स्लीव्ह किंवा जोड रुंद करताना काय लक्षात ठेवायचं?

बायपासच्या जोडाला साधा बलून पुरतो. लहानापासून सुरुवात, एका बैठकीत फार पुढे जायचं नाही. स्लीव्हमध्ये मात्र नळी वळलेली असते, त्यामुळे तिथे अ‍ॅकलेझियासाठी (अन्ननलिकेचं खालचं तोंड न उघडण्याच्या आजारासाठी) वापरतात तो ३० मिलिमीटरचा बलून क्ष-किरणाखाली लागतो आणि पुढच्या बैठकींत ३५, ४० पर्यंत जातात. तीन-चार बैठकींत फरक नाही पडला तर सर्जनकडे बायपाससाठी पाठवा.

याहून महत्त्वाचं : हा रुग्ण आठवडेच्या आठवडे उलट्या करत आलेला असतो. सलाइनमध्ये ग्लुकोज लावण्याआधी थायामिन द्या. आधी ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायामिन संपतं आणि माणूस गोंधळलेला, डोळे फिरवणारा, तोल जाणारा होऊन बसतो. हे दुर्बिणीचं कौशल्य नाही, पण परीक्षेत आम्ही हेच पहिल्यांदा विचारतो.

जोडावरचा अल्सर बरा का होत नाही?

तंबाखू, वेदनाशामक गोळ्या, हेलिकोबॅक्टर हा जंतू, आत राहिलेला दोरा, किंवा पाउच आणि मागे राहिलेलं जठर यांच्यातला फिस्टुला (नको असलेली वाट). हे पाचही शोधा. आणि पीपीआयची (आम्ल कमी करणाऱ्या औषधाची) कॅप्सूल उघडून द्या. लहान पाउचमधून अख्खी कॅप्सूल विरघळण्याआधीच पुढे जाते. एका अभ्यासात उघडलेल्या कॅप्सूलनं अल्सर भरायला मध्यक ९१ दिवस लागले, अख्ख्या कॅप्सूलनं ३४२.

बायपासनंतर वजन परत वाढलं तर दुर्बिणीतून काही करता येतं?

जोड सैल झाला असेल तर हो. कडा आर्गॉन प्लाझ्मानं शेकून, टाके घालून तो पुन्हा ८ ते १० मिलिमीटरवर आणतात. डंपिंगचा (अन्न आतड्यात झपाट्यानं उतरण्याचा) त्रासही यानं कमी होतो. पण आधी फिस्टुला नाही ना बघा, आणि रुग्ण दिवसभर काय पितो हेही विचारा.

बायपासच्या रुग्णाला पित्तनलिकेत खडा झाला तर?

नेहमीच्या वाटेनं ड्युओडेनमपर्यंत, म्हणजे पित्तनलिका उघडते त्या लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, पोचता येत नाही. लांब एंटेरोस्कोप, लॅप्रोस्कोपीच्या मदतीनं जठरातून, किंवा अल्ट्रासाउंडच्या स्कोपनं पाउचमधून मागे राहिलेल्या जठरात मेटल स्टेंट टाकून वाट करणं, असे तीन मार्ग. तिसऱ्यात घाई नसेल तर वाट पक्की व्हायला काही आठवडे द्या. काम झाल्यावर स्टेंट काढून वाट बंद झाली का तपासा, नाहीतर बायपासच उलटतो. झपाट्यानं वजन उतरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खडे होतात, तेव्हा हे शिकणं टाळता येणार नाही.

वजन कमी करणारी इंजेक्शनं आली. आता हे शिकून उपयोग काय?

प्रामाणिक प्रश्न आहे. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसनं ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. ईएसजीच्या ‘मेरिट’ चाचणीत, जी २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली, ५२ आठवड्यांत १३.६ टक्के. नुसत्या आकड्यांची शर्यत लावली तर ईएसजी हरतं.

पण औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, हेही त्याच सेमाग्लुटाइडच्या चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसलं. काहींना इंजेक्शन सोसत नाही, काहींना आयुष्यभर नको असतं. आणि आजवर ज्यांची स्लीव्ह आणि बायपास झाली ते रुग्ण कुठेच जाणार नाहीत. त्यांच्या तक्रारींसाठी हात लागणारच. एक व्यवहारातली गोष्ट : या इंजेक्शनांवर असलेल्यांचं पोट सावकाश रिकामं होतं, उपाशी येऊनही आत अन्न सापडतं. भूलतज्ज्ञाला आधी सांगा.

रुग्णाला किती वजन उतरेल म्हणून सांगायचं?

सरासरी सांगा आणि सरासरीच्या खालीही लोक असतात हे सांगा. सलाइनच्या बलूननं वर्षअखेर ११ टक्क्यांच्या आसपास, ईएसजीनं १३ ते १५, स्लीव्हनं ढोबळमानानं २५. ज्याला स्लीव्हचा फायदा हवा आहे त्याला ईएसजी देऊन खूश करता येत नाही.

सर्टिफिकेट मिळालं की काम सुरू करता येतं का?

सर्टिफिकेट म्हणजे तुम्ही शिकलात एवढंच. करण्याची परवानगी तुमचं रुग्णालय देतं आणि त्यासाठी लॉगबुक, व्हिडिओ आणि प्रॉक्टरचा शेरा लागतो. पहिल्या केसेस निवडून घ्या : मध्यम बीएमआय, आधी ऑपरेशन नाही, भूल सोपी. व्हिडिओ अख्खा ठेवा, फक्त चांगला भाग वेगळा काढून नव्हे.

टीममध्ये कोण हवं?

भूलतज्ज्ञ, दोरा ओळखणारी नर्स, आहारतज्ज्ञ, आणि बेरिएट्रिक सर्जन.

आमच्याकडे बेरिएट्रिक सर्जन नाही. तरी सुरू करू का?

नाही. छिद्र पडलं तर ते रात्री दोन वाजता कोण शिवणार, हे नाव आणि फोन नंबर फळ्यावर लिहिता आलं की मग या.